बनुबाईंना काहीच त्रास नाही

आपण सासूचं दुखणं किती नेटकं सांभाळतो, हे कुणीतरी विचारावं म्हणून सविता त्या दिवसांत तिसगावच्या किराणा दुकानात जरा जास्तच रेंगाळायची. पावशेर साखर घ्यायला जायचं आणि गुळाच्या ढेपा न्याहाळत उभं राहायचं. मग कुणीतरी विचारायचंच, "कशी हाय गं सासू?" एवढं आलं की झालं. साखरेचा पुडा तसाच ठेवून सविता सुरू व्हायची. किमो चालू आहे, पण उलटी म्हणून नाही. तोंड आलं होतं, तेही बरं झालं. वजन तर धरूनच आहे. "गोळ्या काय हो, डॉक्टर सगळ्यांनाच देतात," असं म्हणून ती थांबायची, म्हणजे पुढचं वाक्य ऐकणाऱ्याने म्हणावं. ऐकणारे भले लोक होते. ते म्हणायचे, "तू करतीस म्हनून." मग सविता "माझं कसलं त्यात" असं पुटपुटत पुडा उचलायची आणि घरी यायची, तेव्हा तिचे पाय जमिनीला लागत नसत.

सविता बी.ए. होती. इतिहास घेऊन. या पदवीचा उपयोग आजवर फक्त लग्न जमवताना झाला होता. त्यानंतर सृष्टी झाली, आणि आता सृष्टी साडेतीन वर्षांची होती, म्हणजे आईला विचार करायला सलग पाच मिनिटं मिळू न देण्याच्या वयाची. उन्हाळ्यात बनुबाईंच्या छातीतली गाठ निघाली. ऑपरेशन झालं, किमो सुरू झाली, आणि नगरच्या दवाखान्यातल्या सिस्टरांनी सविताला समोर बसवून घरी काय करायचं, काय टाळायचं, कशाकडे लक्ष ठेवायचं ते सगळं समजावून सांगितलं. इतकी वर्षं कुणी तिला इतकं गंभीरपणे काही सांगितलं नव्हतं. तिने मान डोलवत ऐकलं. घरी येऊन मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. पहिल्या आठवड्यात तिला वाटलं, आपण नर्सिंगला जायला हवं होतं. दुसऱ्यात वाटलं, नर्सिंग कशाला, डॉक्टरच.

घराला वळण लागलं. फोडणीच्या वासाने मळमळतं म्हणून चूल परसात गेली. जेवण निवल्यावरच पुढे यायचं, आणि एकदम ताटभर नाही, वाटी-वाटीने. मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या ठरल्या वेळेला. बनुबाईंची मिसरीची डबी जप्त झाली आणि त्यांच्या हातात लहान मुलांचा मऊ ब्रश आला, दांड्यावर अस्वल असलेला. बनुबाईंनी त्या अस्वलाकडे बराच वेळ पाहिलं, अस्वलाने त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग त्यांनी दात घासले.

सगळ्यात मोठी लढाई भेटायला येणाऱ्यांशी होती. आजाऱ्याला भेटायला जायचं नाही म्हणजे जन्माचं वैर, हा तिकडचा शिरस्ता. पाथर्डीपासून शेवगावपर्यंतची माणसं केळी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन येत. सविताने दारातच बादली आणि साबण मांडला. शेजारच्या लंकाबाईंना ते लागलं.

"मी काय जेवाया आले का, हात धू म्हनतीस?"

"मावशी, आत्यांच्या रक्तातल्या पेशी कमी होतात. जंतू लगेच धरतात."

"आगं, तुझ्या सासूसंगं चाळीस वर्सं एका ताटात जेवले. तवा नव्हते का जंतू?"

"तेव्हा किमो नव्हती."

लंकाबाईंनी हात धुतले, पण भांडण करावं तसे. आणि आत जाऊन बनुबाईंना म्हणाल्या, "बने, तुझी सून लई कडक हाय बरं का." यावर बनुबाई जे म्हणाल्या ते सविताने दाराआडून ऐकलं आणि जन्मभर पुरेल असं जपून ठेवलं. त्या म्हणाल्या, "माझी सून सोनं हाय."

खरी गडबड तिथेच होती. पण ते सविताला कळायला वेळ होता.

बनुबाईंचं आयुष्य ऊसतोडीत गेलं होतं. दिवाळी झाली की बिऱ्हाड गाडीत घालायचं आणि कोयता घेऊन निघायचं, ते थेट उन्हाळ्यात परतायचं. तिथे एक दिवस कामाला गेलं नाही की खाडा धरून मजुरी कापायचे. ताप आहे, पोटात दुखतंय, बाळंतीण आहे, कशाचीही सबब चालायची नाही. म्हणून तोडीवरच्या बायका पदराच्या गाठीला अंगदुखीच्या गोळ्यांची पट्टी बांधून ठेवत. कणकण आली की गोळी गिळायची, वर पाणी प्यायचं, मोळी उचलायची. दुखणं सांगायचं असतं, ही गोष्टच बनुबाईंना ठाऊक नव्हती. गाठसुद्धा त्यांनी तशीच सांभाळली होती. आंघोळीला पाठ चोळून देताना सविताचाच हात तिच्यावर पडला, म्हणून कळलं.

अशा बाईला सविता सकाळ-संध्याकाळ विचारायची.

"मळमळ?"

"न्हाई."

"तोंड?"

"बरं हाय."

"पोट साफ झालं?"

"व्हय."

"हातापायाला मुंग्या?"

"न्हाई गं."

मग काखेत थर्मामीटर. बनुबाई त्याला कांडी म्हणत. कांडी वाजली की सविता आकडा बघून समाधानाने हुंकार द्यायची. वर्गातली सगळ्यात शहाणी मुलगी नेमकी आपल्या वाट्याला यावी, तसं तिला वाटायचं. इतर बायका किमोत गळून जातात, आणि आमच्या आत्या बघा.

एकदाच, अगदी सुरुवातीला, बनुबाईंनी पेजेची वाटी बाजूला सारली होती आणि म्हटलं होतं, "पोरी, हे बघितलं तरी ढवळतंय."  सविता परसात गेली आणि चुलीपुढे बसून रडली, कारण ती पेज तिने पहाटे उठून केली होती आणि सृष्टी रात्रभर झोपली नव्हती. सृष्टीने हे पाहिलं आणि पळत जाऊन आजीला बातमी दिली, "आज्जी, मम्मी रडती." त्या दिवशी बनुबाईंनी पेज संपवली. त्यानंतर त्यांना कधीच कसला त्रास झाला नाही.

सविताने याचं श्रेय आल्याला दिलं. तिने पेजेत आलं घालायला सुरुवात केली होती.

मार्गशीर्षात बचत गटाच्या अध्यक्षीणबाई घरी आल्या. समाजमंदिरात बायकांचा मेळावा होता. आसपासच्या गावांत हा आजार झालेल्या बायका निघत होत्या, आणि घरच्यांना काय करावं ते कळत नव्हतं. "तू दोन शब्द बोल. आन् सासूबाईंना बी आन. बायांना डोळ्यानं दिसंल."

सविताने तीनदा नाही म्हटलं, चौथ्यांदा नाही म्हणायची संधी मिळण्याआधीच हो म्हटलं, आणि आरशापुढे तयारी सुरू केली. तिचा नवरा आदिनाथ दुधाची पिकअप चालवायचा. तो दारात उभा राहून बघत होता.

"भाषनाला फेटा बांधायचा का मॅडम?"

"तुम्हाला मस्करी सुचते. लोकांना मार्गदर्शन मिळेल."

"मला बी दे थोडं. म्हशी आटल्यात."

"आत्या, सांगा ना यांना."

बनुबाई पांघरूण ओढून बसल्या होत्या. "गप रं," त्या म्हणाल्या. "पोरगी चांगलं काम करती."

"थंडी वाजते का आत्या?"

"थंडीच पडलीया. थंडी न्हाई तर काय वाजंल?"

 थंडी पडलीच होती. सविताने आणखी एक गोधडी टाकली आणि पुन्हा आरशापुढे गेली. "नमस्कार मैत्रिणींनो" बरं की "माझ्या मायबहिणींनो" बरं, यात ती इतकी गढली, की त्या संध्याकाळी कांडी लावायची राहिली. सकाळी लावली. आकडा चांगला होता. तिने सासूला निळसर स्कार्फ बांधला, जो खास पाथर्डीहून आणला होता, आणि दोघी समाजमंदिरात गेल्या.

बनुबाईंना पुढे खुर्ची दिली होती. बाकी सगळ्या खाली सतरंजीवर. शाळेत नंबर आलेल्या पोराच्या आईला बसवतात तशी ती खुर्ची होती, फक्त इथे नंबर सुनेचा आला होता.

आणि सविता बोलली. छान बोलली, हे मान्य करावं लागेल. तोंड आल्यावर गुळण्या कशाच्या, तिखट-आंबट का टाळायचं, थकवा आला तरी अंगणात चार पावलं का चालायचं, केस जातात तेव्हा घरातल्यांनी आरसा लपवायचा नाही आणि विनोदही करायचे नाहीत, हे सगळं तिने सांगितलं. भेटायला येणाऱ्यांना हात धुवायला लावा म्हणाली तेव्हा लंकाबाई मांडीवरच्या सृष्टीकडे बघत राहिल्या. बायका मन लावून ऐकत होत्या. मधूनमधून सविता "आता आमच्या आत्याच बघा" म्हणून हात करायची, आणि सगळ्यांच्या माना खुर्चीकडे वळायच्या. बनुबाई हसायच्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. सविताने तो पाहिला, आणि गर्दीमुळे उकडत असेल असं मानलं, कारण त्या वेळी ती मोठ्या वाक्याच्या मध्यात होती.

शेवटी एक बाई उठली. मिरी गावच्या केशरबाई. डोक्याला रुमाल, हाताच्या नखांवर काळसर रेघा, म्हणजे किमो चालू असलेली. त्यांनी चाचरत विचारलं, "ताई, सलाईन लावून आलं की दोन-चार दिसांनी मला कणकण राहती. तुमच्या सासूला कसा येतो ताप?"

आता याचं उत्तर सविताला पाठ होतं. सिस्टरांनी तिच्याकडून ते पुन्हा म्हणवून घेतलं होतं. शंभराच्या वर ताप गेला की थांबायचं नाही, दवाखान्यात फोन करायचा, मनाने गोळी द्यायची नाही. तिने ते सांगितलं. तिथे थांबली असती तर तिचं भाषण निर्दोष ठरलं असतं. पण सविता थांबली नाही.

"अर्थात," ती म्हणाली, "आमच्या आत्यांना एकदाही ताप आला नाही. घरात काळजी नीट घेतली, की येतच नाही."

टाळ्या पडल्या. केशरबाईंनी मात्र वाजवल्या नाहीत. त्या खाली बसता बसता शेजारणीला म्हणाल्या, आणि समाजमंदिर लहान असल्याने सगळ्यांना ऐकू आलं, "मंग आमच्याच घरात काय तरी चुकत असंल. मी तर सांगत बी न्हाई. गोळी घेती न् पडून ऱ्हाती. सून म्हनंल, एवढं करून बी हिचं रडगानं हायेच."

टाळ्या विरल्या. खुर्चीतून आवाज आला.

"सविता."

"काय आत्या?"

"मला ताप हाय."

सविता हसली. खरंच हसली, कारण तिला वाटलं आत्या त्या बाईची समजूत काढतायत.

"कालच्यापासून हाय," बनुबाई म्हणाल्या. "रातच्याला गोळी घेतली. पहाटं एक घेतली, तू कांडी लावायच्या आदी. आता परत चढाया लागलाय." मग त्या केशरबाईंकडे वळल्या. "बाई, ही म्हनती तसं न्हाई. हिनं समदं नीट केलंय, तरी आलाय. ताप सुनंच्या करन्यावर नसतो. तू सांगत जा. माझ्यावानी करू नगंस."

पहिल्या क्षणाला सविताला जे वाटलं ते भीती नव्हती. लाज होती. इतक्या बायकांसमोर, माझ्या भाषणात. पापणी लवेपर्यंतच ती टिकली असेल, पण होती. मग तिच्या लक्षात आलं की आपल्या सासूचे ओठ कोरडे पडलेत, खुर्चीचा हात त्यांनी घट्ट धरलाय, आणि हे सगळं समोर असताना आपण "मैत्रिणींनो" म्हणत होतो.

दुसऱ्या बायका पर्समध्ये कंगवा ठेवतात, सविता थर्मामीटर ठेवायची. तिने तो काढला. सगळं समाजमंदिर त्या कांडीकडे बघत होतं. एकशे एकच्या पुढे. तिने दवाखान्यात फोन लावला. सिस्टरांनी दोनच गोष्टी विचारल्या, किमो कधी झाली आणि गोळी कधी घेतली. दुसऱ्याचं उत्तर त्यांनी पुन्हा म्हणवून घेतलं. मग म्हणाल्या, "निघा लगेच. कपडेबिपडे मागून येतील. आत्ता निघा."

"कुणी दिल्या गोळ्या?" सविताने विचारलं. रागावून नाही, तसा वेळच नव्हता.

लंकाबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या मांडीवरून सृष्टी घसरली. "ती म्हनली गुडघा धरलाय," त्या म्हणाल्या. "मी म्हनलं, माझ्याकडं हायेत." आणि मग, खालच्या आवाजात, "हात धुऊन दिल्या गं."

कुणी हसलं नाही. सविताला मात्र नंतर कितीतरी दिवस ते आठवून हसू यायचं आणि डोळ्यांत पाणीही यायचं.

फोन जाताच आदिनाथने वाटेतच दुधाच्या किटल्या उतरवल्या, ज्याच्या दारात उतरवल्या त्याला नीट सांगितलंही नाही, आणि पिकअप समाजमंदिराशी आणली. निघायच्या आधी सविताने कांडी पुसून केशरबाईंच्या काखेत लावली. ताप नव्हता. दवाखान्याचा नंबर अध्यक्षीणबाईंना केशरबाईंच्या मोबाईलमध्ये घालून द्यायला सांगितला, आणि या वेळी त्याला जोडून एकही वाक्य बोलली नाही. सृष्टी लंकाबाईंजवळ राहिली.

केबिनमध्ये तिघं दाटीने बसले. करंजीचा घाट आला. आदिनाथ वळणावर हॉर्न वाजवत होता आणि मधूनमधून आईकडे बघत होता. बनुबाईंचं अंग सविताच्या अंगाला टेकलं होतं, आणि इतकं तापलं होतं की दोन साड्यांमधून कळत होतं.

"तुझ्या कारेक्रमाची माती केली," बनुबाई म्हणाल्या.

"आत्या, का नाही सांगितलं?"

"काय सांगू? तू दुकानात सांगून आली हुतीस, सासूला काय बी तरास न्हाई म्हनून. गटात सांगितलंस. तुझ्या आईला फोनवर सांगितलंस. मंग मी कसं म्हनू, हाय म्हनून?"

आदिनाथने रस्त्यावरची नजर न हलवता म्हटलं, "म्हंजी आये, तू हिची सेवा करत हुतीस."

"तू गाडी बघ," दोघी एकदम म्हणाल्या.

सविताने खिडकीकडे तोंड फिरवलं. इतके दिवस तिला वाटत होतं, आपण सासूची मळमळ आवरली, तोंड बरं केलं, ताप अडवला. आणि ही बाई, केस गेलेली, हात सुजलेला, जिभेला लोखंडाची चव घेऊन, सुनेचं तोंड उतरू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ "बरं हाय" म्हणत होती. पेशंट नेमकं कोण होतं, हे व्हिडिओवाल्यांनी कुठेच सांगितलं नव्हतं.

दवाखान्यात पोचताच रक्त घेतलं. पांढऱ्या पेशी अगदी तळाला गेल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी लगेच सलाईनमधून औषध सुरू केलं आणि सविताला बाजूला घेऊन सांगितलं की गोळीने ताप झाकला जातो, आतलं दुखणं तसंच वाढत राहतं. आणखी एक रात्र घरी काढली असती तर काही सांगता आलं नसतं. सविता मान डोलवत ऐकत होती, पण आधीसारखी नाही. आधी ती पुढचा प्रश्न तयार ठेवून ऐकायची.

दोन दिवस ताप चढला, उतरला, पुन्हा चढला. आदिनाथ रात्रंदिवस बाहेरच्या बाकावर बसून होता. तिसऱ्या दिवशी दुपारी ताप पुरता उतरला आणि बनुबाईंनी पाणी मागितलं. त्या वेळी सिस्टर आल्या, त्याच, ज्यांनी सविताला पहिल्यांदा समजावलं होतं.

"आजी, काय काय त्रास होतोय?"

बनुबाईंनी आधी सुनेकडे पाहिलं. परवानगी मागावी तसं. 

"सांगा ना आत्या," सविता म्हणाली. "मी नाही रडायची." आणि लगेच दुरुस्ती केली, "रडले तरी सांगा."

मग बनुबाईंनी सुरुवात केली. बोटं बधीर पडतात, पातळाच्या निऱ्या कळत नाहीत, मागे तांब्या सुटला, त्याचा आळ सृष्टीवर घातला. तळपाय जळतात. रात्री झोप लागत नाही, पण तू उठशील म्हणून कूस बदलत नाही. घास गिळताना घशात काटा लागतो. ऑपरेशन झालेल्या बाजूचा हात वर होत नाही. सिस्टर आधी उभ्यानेच ऐकत होत्या, मग त्यांनी स्टूल ओढलं. बनुबाई बोलतच होत्या. इतक्या वर्षांचे खाडे त्या एका दुपारी भरून काढत होत्या.

"हे सगळं घरी नाही सांगितलं कधी?" सिस्टरांनी सविताला विचारलं.

सविता पांघरुणाची कड सारखी करू लागली. 

"ती विचारती वो," बनुबाई म्हणाल्या. "रोज विचारती. पन विचारताना तिच्या तोंडाकडं बघितलं का, 'न्हाई' ऐकायला बसलेली असती बिचारी."

सिस्टरांनी हसू दाबलं. बधीर बोटांसाठी डॉक्टरांशी बोलते म्हणाल्या, पुढच्या सलाईनच्या आधी सगळं पुन्हा विचारणार म्हणाल्या, आणि दुसऱ्या खाटेकडे गेल्या. दोघीच उरल्या. खिडकीतून ऊन आत आलं होतं. बनुबाईंनी डोळे मिटले, तेव्हा सविताला वाटलं झोप लागली.

"अजून एक हाय," बनुबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

"काय?"

"भ्या वाटतंय."

सविताने थोडा वेळ शोधलं. गुळण्या, आलं, चार पावलं चालणं. यातलं काहीच इथे लागू पडत नव्हतं.

"मलापण वाटतंय आत्या," ती म्हणाली.

बनुबाईंनी डोळे उघडून तिच्याकडे नीट बघितलं. मग सलाईन नसलेल्या बाजूला, खाटेवर, थोडं सरकून जागा केली.

"मंग हुभी कशाला ऱ्हातीस," त्या म्हणाल्या. "बस."

सविता बसली.